दोनशे रुपयांचा जास्तीचा हप्ता

१ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई गाव 'कॅशलेस' झाल्याचे जाहीर झाले. नोटाबंदीला अजून महिनाही झाला नव्हता. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार गावात आले, स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला आणि बँक ऑफ बडोदाने दुकानदारांच्या हाती कार्ड घासायची यंत्रे दिली. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच, की ती यंत्रे बँकेची होती. असे यंत्र बंद पडले तर बँकेला कळवायचे, बदलून द्यायचे की दुरुस्त करायचे ते बँक बघते. दुकानदाराला वॉरंटीचा विचार करावा लागत नाही.

घरचा कॉम्प्युटर मात्र आपला असतो, आणि त्याचे दुखणेही आपलेच.

धसईत बारावी झालेल्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा तर घरची मंडळी मुरबाडला जातात, नाहीतर सरळ कल्याण गाठतात. मॉडेल ठरते, चोवीस हप्ते बसतात, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स होतात. बिल प्रिंटरमधून बाहेर पडायच्या बेतात असताना काउंटरवरचा मुलगा सहज विचारल्यासारखे विचारतो, "काका, दोन वर्षांची एक्स्टेंडेड टाकून देऊ ना? हप्त्यात फक्त दोनशे वाढतील." काकांच्या मागे रांग असते, परतीची एसटी गाठायची असते, आणि मुलगी 'घ्या ना बाबा' अशा नजरेने बघत असते. काका मान हलवतात.

दोनशेला चोवीसने गुणा. ४,८०० रुपये झाले. लॅपटॉप ४५ हजारांचा धरला तर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त. हे आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत, तुमच्या बिलावर वेगळे असतील. पण इतक्या रकमेचा कांदा किंवा तांदूळ घेताना आपण दोन दुकाने फिरतो, आणि इथे अर्ध्या मिनिटात होकार देतो. म्हणून हा व्यवहार जरा उलगडून बघू.

आधी मुदत. लॅपटॉपवर कंपनीची मूळ वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते आणि ती किमतीतच आलेली असते. वाढीव वॉरंटी सुरू होते ती ही संपल्यावर, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. विकणारा मात्र 'तीन वर्षांची वॉरंटी' असे सगळे एकत्र करून सांगतो, त्यामुळे ४,८०० रुपयांत तीन वर्षे मिळाली असे वाटते. मिळाली असतात दोन. काही ठिकाणी 'दोन वर्षांची' याचा अर्थ मूळचे एक आणि वाढीव एक असाही असतो. मग तर एकाच वर्षासाठी ४,८०० मोजले. 'कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत' एवढे विचारले की हा गोंधळ मिटतो.

आता ती दोन वर्षे कोणती, ते महत्त्वाचे. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख अभियंते काढतात तेव्हा तो सुरुवातीला उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा चढता असा येतो. आकारावरून त्याला बाथटबचा आलेख म्हणतात. एखाद्या बोर्डावर टाका नीट बसलेला नसेल, एखादी चिप मुळातच कच्ची असेल, तर ती पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगा देते. तो काळ मूळ वॉरंटीत जातो. मग शांततेची वर्षे येतात. पंखा झिजणे, बॅटरी मरणे, बिजागरी सैल होणे हे म्हातारपणाचे आजार त्यानंतरचे. वाढीव वॉरंटी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची, म्हणजे बहुतांशी त्या सपाट भागाची. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

सपाट म्हणजे किती सपाट, याचा अंदाज देणारी एक चांगली जाहीर आकडेवारी आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लोकांचा डेटा साठवते. आपल्याकडच्या लाखो हार्ड डिस्कपैकी किती बिघडतात, हे ती २०१३पासून मोजून प्रसिद्ध करते. २०२३ सालचा आकडा होता वर्षाला १.४० टक्के. म्हणजे शंभरात दीडसुद्धा नाही, आणि या डिस्क दिवसरात्र फिरत असतात. अर्थात त्या वातानुकूलित खोलीत, एकसारख्या विजेवर चालतात. धसईतल्या घरात ना ती खोली, ना ती वीज. 'मग आपल्याकडे तर वॉरंटी घ्यायलाच हवी' असे इथे कोणालाही वाटेल, आणि नेमके तिथेच गणित उलटते.

कारण वॉरंटी, मूळ असो वा वाढीव, कारखान्यातून आलेल्या दोषाची असते. बाहेरून आलेल्या दुखण्याची नसते. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'समाविष्ट नाही' असा भाग असतो, तो वाचा. पडणे, फुटणे, पाणी किंवा चहा सांडणे, विजेचा दाब कमी-जास्त होणे, आकाशातली वीज, पूर, उंदीर-किडे, बाहेरच्या माणसाने खोललेले यंत्र, सॉफ्टवेअर आणि व्हायरस, आणि डिस्कवरचा डेटा. लॅपटॉपची बॅटरी झिजणारी वस्तू म्हणून बहुधा एकाच वर्षापुरती धरतात, बाकी यंत्राला तीन वर्षे असली तरी. ही यादी धसई, टोकावडे किंवा शहापूरकडच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला वाचून दाखवा. तो हसेल आणि म्हणेल, मग राहिले काय?

या भागात कॉम्प्युटर खरोखर कशाने जातात, ते पाहू.

पहिला क्रम विजेचा. घरात २३० व्होल्टची एक फेज आणि एक न्यूट्रल येते. गावच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, तीन फेज असतात आणि त्यांच्यात आपापसात ४१५ व्होल्टचा दाब असतो. वाऱ्या-पावसात फांदी पडून किंवा सांधा गंजून डीपीकडचा न्यूट्रल तुटला, तर प्रत्येक घराला मिळणारा दाब शेजाऱ्यांच्या वापरावर ठरायला लागतो. कुणाकडे दिवे मंद होतात, कुणाकडे बल्ब भगभगतात आणि पंखा सुसाट सुटतो. ज्या घरात सुसाट, तिथे दाब साडेतीनशेच्या वर, चारशेच्या आसपासही जाऊ शकतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असते. थोडा अधिक दाब तो सोसतो, चारशे नाही. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, फुटतो तो याच वेळी. वायरमन येऊन सांधा जोडून जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र जळका वास आणि काळा पडलेला भाग बघून शेरा पडतो: विजेच्या दाबामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही.

लोक यावर उपाय म्हणून स्पाइक गार्डची पट्टी आणतात. ती वाईट नाही, पण तिचे काम वेगळे. तिच्या आतला एमओव्ही नावाचा छोटा चकतीसारखा भाग क्षणभराचा उसळलेला दाब स्वतःवर घेतो. दहा मिनिटे टिकणाऱ्या चारशे व्होल्टपुढे तो स्वतःच जळतो. शिवाय प्रत्येक झटक्याबरोबर तो आतून झिजत असतो, आणि लाल दिवा मात्र पहिल्यासारखाच लागलेला राहतो. स्वस्तातल्या पट्ट्यांत तर नुसतेच सॉकेट आणि बटण असते.

डेस्कटॉपला खरा आधार यूपीएसचा. घरी चालणारा साधा ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला तरी तो दाब थोडा खाली-वर झाल्यास सावरून घेतो, आणि सहन होण्यापलीकडे गेला की बाहेरची वीज तोडून बॅटरीवर येतो. त्याच्या खोक्यावर 'इनपुट १४० ते ३०० व्होल्ट' असे काहीतरी लिहिलेले असते. हा पल्ला जितका मोठा तितका आपल्या कामाचा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल हे धरून चाला, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर त्याआधीही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड' असे बटण आहे का बघा. ते लावले की वीज गेल्यावर बॅटरीवर येण्याचा वेळ इतका कमी होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पुष्कळ घरांत हे बटण बसवल्या दिवसापासून दुसऱ्याच बाजूला असते.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या सॉकेटातले वरचे मोठे भोक नुसतेच भोक आहे की त्यामागे जमिनीत पुरलेली पट्टी आहे, हे किती घरांना माहीत असते? स्पाइक गार्ड असो की यूपीएस, जास्तीचा दाब जमिनीत सोडायला वाट नसेल तर त्यांचे अर्धे काम वाया. मुरबाड-शहापूरची जमीन काळ्या कातळावरची. मातीचा थर पातळ असेल तिथे उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी होते आणि वीज वाहून न्यायला नालायक ठरते. म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल हवा, त्यात कोळसा-मीठ हवे, आणि मार्च ते मे त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतायला हवे. माहितगार वायरमनकडून हे करून घेतले तर खर्च वाढीव वॉरंटीइतका किंवा त्याहून कमीच येतो, आणि फ्रिज, टीव्ही, मिक्सर सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो. माणसांना तर होतोच.

आकाशातल्या विजेला यातले काहीच पुरत नाही. मे महिन्याच्या शेवटी वळीव येतो तेव्हा, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस भाताच्या तोंडावर येतो तेव्हा, सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात कडकडाट कसा होतो ते सांगायला नको. एकच उपाय: पिन उपसून ठेवा. फक्त विजेची नव्हे, इंटरनेटची वायरसुद्धा. फायबरच्या तंतूतून वीज येत नाही हे खरे, पण घरातल्या राऊटरचा अडॅप्टर भिंतीत असतो आणि राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल तांब्याची. त्या वाटेने मदरबोर्ड गेलेली उदाहरणे दुरुस्तीवाल्यांना पाठ असतात.

मग उंदीर. हा भाताचा पट्टा. घरात कणगी, नाहीतर पोती, म्हणजे उंदीर ओघाने आलेच, आणि केबलचे प्लास्टिक कुरतडणे त्यांना फार आवडते. पाल एसएमपीएसच्या उबेला जाऊन चिकटते आणि दोन टोके जोडली गेली की तीही जाते आणि एसएमपीएसही. मुंग्या कीबोर्डखाली वारूळ करायच्या बेतात असतात. ठाणे जिल्ह्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत महिनाभर बंद ठेवलेला कॉम्प्युटर दमटपणा शोषतो आणि श्रावणात चालू करायला जावे तर रुसतो. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, मागची मोकळी भोके पट्टीने बंद करा, आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता विटेवर तरी ठेवा. फुकटचे उपाय आहेत.

आता त्या 'समाविष्ट नाही' यादीतल्या काही गोष्टी पैसे मोजून समाविष्ट करता येतात, हेही सांगायला हवे. पडणे, फुटणे, सांडणे, आणि काही कंपन्यांकडे विजेच्या दाबाचा झटकासुद्धा, हे 'अॅक्सिडेंटल डॅमेज' नावाच्या वेगळ्या योजनेत येते. वाढीव वॉरंटी आणि ही योजना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काउंटरवर दोन्हींना एकच नाव मिळते, 'फुल प्रोटेक्शन'. लॅपटॉप घेऊन रोज जीपने किंवा एसटीने मुरबाडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी मला विचाराल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वाढीव वॉरंटीपेक्षा पहिल्या वर्षाची अॅक्सिडेंटल योजना जास्त उपयोगाची, कारण स्क्रीन फुटायची ती पहिल्या पावसाळ्यातही फुटते. पण तिच्यात वर्षाला किती दावे, प्रत्येक दाव्याला आपण किती भरायचे, आणि झटक्याचा उल्लेख शब्दात आहे का, हे तिन्ही कागदावर दिसले पाहिजे.

पुढचा प्रश्न, दुरुस्ती कुठे होणार. यात दोन जाती. 'ऑनसाइट' म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो. 'कॅरी-इन' म्हणजे आपण यंत्र उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचे. शहरात या दोहोंत फार फरक पडत नाही. धसईत मात्र सगळा फरक इथेच पडतो. मुरबाडपर्यंत जायचे, तिथून पुढे कल्याण तीसेक किलोमीटर; कंपनीचे केंद्र कल्याणला असले तर नशीब, नाहीतर आणखी पुढे ठाण्याला. एक फेरी द्यायला, एक आणायला, आणि 'पार्ट आला नाही, पुढच्या आठवड्यात फोन करा' म्हटले की तिसरी. प्रत्येक फेरीला भाडे आणि एकेक दिवसाची मजुरी किंवा रजा. कीबोर्ड फुकट बदलून मिळाला तरी तो फुकट पडलेला नसतो.

म्हणून या गावांपुरते माझे मत स्पष्ट आहे: वॉरंटीची मुदत वाढवण्याआधी तिची जात बदला. कंपनीकडून मूळ कॅरी-इनचे ऑनसाइट करून मिळत असेल तर त्याला दिलेले पैसे दोन वर्षांच्या कॅरी-इन मुदतीपेक्षा जास्त कामाला येतील. पण तेव्हाही 'ऑल इंडिया ऑनसाइट' या शब्दांवर जाऊ नका. ही सेवा पिनकोडवर चालते. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून स्वतःचा पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस घरी येतो का आणि किती दिवसांत. मुरबाड शहराचा पिनकोड सांगून मिळालेले 'हो' धसईला लागू होत नाही.

हे विकतो कोण, हेही बघून घ्यावे. विकणारे तीन. एक, यंत्र बनवणारी कंपनी स्वतः. दुसरे, मोठी दुकानसाखळी. तिसरी, एखादी वेगळी सेवा कंपनी, जिच्या मागे बऱ्याचदा विमा कंपनी असते. बनवणाऱ्या कंपनीची योजना महाग असते, पण दुरुस्ती तिच्याच केंद्रात, तिच्याच सुट्या भागांनी होते, आणि यंत्राच्या सिरियल नंबरवर ती नोंदलेली असते. कागद हरवला तरी नोंद राहते. तिसऱ्या प्रकारात दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा वाढला की घसारा वजा करून रक्कम हाती ठेवतात. ४५ हजारांच्या लॅपटॉपचे तिसऱ्या वर्षी ते किती मानतात, तो तक्ता करारातच असतो आणि तोच आपण बघत नाही. मुरबाडच्या ओळखीच्या दुकानदाराची 'दोन वर्षे मी बघून घेईन, ताई' ही तोंडी वॉरंटी चौथी म्हणा. ती पुष्कळदा या तिन्हींपेक्षा चांगली निघते, फक्त ती माणसावर असते, कागदावर नसते.

आता गणित. ४,८०० रुपयांत १८ टक्के जीएसटीचे साधारण ७३२ रुपये गेले. उरले ४,०६८. त्यातून दुकानाचे कमिशन, विकणाऱ्या मुलाचा इन्सेंटिव्ह, फोन केंद्राचा खर्च, कंपनीचा नफा. उरेल त्यातून दुरुस्त्या. वॉरंटीत बसणाऱ्या सरासरी बिघाडाचा खर्च आठ हजार धरला, तर ४,८०० वसूल व्हायला शंभरातल्या साठ गिऱ्हाइकांचा लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कारखान्यातल्या दोषाने बिघडला पाहिजे. इतका वाईट माल कोणतीच कंपनी बाजारात फार दिवस विकू शकत नाही. प्रत्यक्षात वीस जणांचा बिघडला असे उदारपणे धरले तर जमा झालेल्या ४ लाख ८० हजारांपैकी १ लाख ६० हजार दुरुस्तीला गेले. म्हणून तर तो मुलगा लॅपटॉपवर हजार रुपये सोडायला तयार नसतो, पण एक्स्टेंडेडसाठी तीनदा विचारतो.

तरीही मी 'कधीच घेऊ नका' म्हणणार नाही. सरासरीचे गणित शंभर लॅपटॉप असणाऱ्याचे असते. ज्याच्याकडे एकच आहे, त्याला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: उद्या अचानक १८ हजारांचा मदरबोर्ड गेला, तर ते पैसे उसने न काढता उभे राहतील का? उभे राहणार असतील तर वाढीव वॉरंटी सोडा आणि तेच दोनशे रुपये दरमहा पोस्टात टाका. दोन वर्षांनी काही बिघडले नाही तर ४,८०० व्याजासह तुमचे. उंदराने वायर खाल्ली तरी ते चालतात, कसला शेरा पडत नाही. उभे राहणार नसतील, किंवा त्या लॅपटॉपवर घरात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा, सातबारा काढून देण्याचा छोटा धंदा चालत असेल आणि जूनच्या प्रवेशाच्या दिवसांत आठवडाभर बंद राहणे परवडणार नसेल, तर कंपनीचीच ऑनसाइट योजना घ्यावी. तिथे आपण दुरुस्तीचे पैसे भरत नाही, धंदा थांबू नये याचे भरतो. बारीक, पातळ लॅपटॉपमध्ये हल्ली रॅमसुद्धा बोर्डालाच जोडलेली असते. एक गेले की सगळा बोर्ड बदलायचा. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत. असे यंत्र असेल तर पारडे वॉरंटीकडे थोडे झुकते, हे मान्य करायला हवे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कल्याणहून असेंबल करून आणलेल्या डेस्कटॉपला मात्र वाढीव वॉरंटी घेण्यात काही अर्थ नाही. तिथे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि मुळातच लांब असते. इंटेल किंवा एएमडीचा डबाबंद प्रोसेसर तीन वर्षे, मदरबोर्ड बहुधा तीन, मॉनिटर तीन, एसएसडी तीन किंवा पाच, रॅमला तर कित्येकदा दहा वर्षे किंवा तहहयात. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोकी माळ्यावर टाका. कच्चे बिल घेऊन जीएसटीचे पैसे वाचवले तर ही सगळी वर्षे गेली. यात कच्चा दुवा एकच, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस. तो वेगळा, नाव असलेल्या कंपनीचा घ्या. सेकंडहँड ऑफिसचे डेस्कटॉप हल्ली गावोगाव जातात. त्यावर कुणी वाढीव वॉरंटी देऊ केली तर ती नाकारून आधी प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का ते विचारा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि आठव्या पिढीआधीच्या बहुतेक सगळ्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. हे म्हातारपण कोणत्याच वॉरंटीत येत नाही.

फोटो, निकालाच्या प्रती, हिशेबाच्या फाइली हेही कोणत्याच वॉरंटीत येत नाहीत. डिस्क बदलून मिळते, कोरी. बाहेरची एक डिस्क घेऊन महिन्यातून एकदा नक्कल काढणे हा त्यावरचा सोपा इलाज.

घ्यायचे ठरलेच तर खरेदीच्या दिवशीच घ्यायचे असे बंधन बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे नसते. मूळ वॉरंटी जिवंत असेपर्यंत मुदत वाढवता येते. म्हणजे विचाराला जवळजवळ वर्ष आहे, आणि त्या वर्षात यंत्राचा स्वभावही कळतो. 'आज घेतली तरच हा भाव' या दबावाचा ब्रिटनमध्ये इतका त्रास झाला की तिथल्या स्पर्धा आयोगाने २००३ साली चौकशी करून अहवाल दिला आणि २००५च्या आदेशाने दुकानांना बांधून घातले: वॉरंटीचा भाव वस्तूशेजारी लावायचा, लेखी दर दिला तर तो तीस दिवस पाळायचा, आणि घेतल्यावर पंचेचाळीस दिवसांत गिऱ्हाइकाने रद्द केली, दावा केलेला नसेल, तर पूर्ण पैसे परत. आपल्याकडे असा खास नियम नाही, पण लेखी दर मागून घरी यायला कुणी अडवत नाही. न विचारता बिलात किंवा हप्त्यात वॉरंटी घुसडली असेल तर मात्र नियम आहे. ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे, हे ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. हप्त्याच्या करारावर सही करण्याआधी एकूण रकमेतून यंत्राची किंमत वजा करून बघा. बाकी उरते ती कशाची, हे विचारायचा हक्क आहे.

घेतल्यावर दोन कामे त्याच आठवड्यात. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख पाहा. पुष्कळदा ती यंत्र कारखान्यातून किंवा गोदामातून निघाल्या दिवसापासून धरलेली असते आणि दुकानात पडून राहिलेले तीन महिने तुमच्या खाती जातात. बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त करून देतात. दुसरे, योजनेचे प्रमाणपत्र ईमेलवर आले का आणि त्यावर आपलाच सिरियल नंबर, आपलाच मोबाइल आहे का. घाईत दुकानातला मुलगा स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो.

आणि दावा नाकारला तर? कारण लेखी मागा. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. जळका भाग दाखवत असतील तर फोटो काढा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. नाही मिटली तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: कंपनीचे कार्यालय बंगळूरला असो की गुरगावला, गिऱ्हाईक जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर वापरून का होईना. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.